‘सौभद्र’ नव्याने बसवताना: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ या नाटकावर चार ओळी लिहिल्या आणि कोकणातून पत्रांचा ढीग आला. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न: त्रिपुरारी पौर्णिमेच्या उत्सवात देवळाच्या पटांगणात आमचे हौशी मंडळ ‘सौभद्र’ करणार आहे. उघड्यावरचा प्रयोग रात्री दहाच्या आत संपवायला हवा. ज्येष्ठ मंडळी एकही पद गाळायला तयार नाहीत, तरुण म्हणतात दहाच ठेवा. काय गाळावे? (मालवण)

ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत देते, पण आपला दिवस त्यांत आहे की नाही हे आधीच विचारून घ्यावे आणि नसेल असेच धरून चालावे. म्हणजे सातला नांदी, दहाला भरतवाक्य. (नांदी ‘सौभद्रा’चीच म्हणावी. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ कितीही प्रिय असली, तरी ती ‘शाकुंतला’ची आहे.) मधली सुट्टी पंधरा मिनिटांची धरली, तर हाती पावणेतीन तास राहतात. पाच अंकांचे हे नाटक १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर येऊ लागले, तेव्हा प्रेक्षक रात्र काढायच्या तयारीनेच येत असत आणि मूळ संहितेत शंभरावर पद्ये आहेत; तेव्हा गाळणे अटळ आहे आणि ज्येष्ठांना ते मान्य करावे लागेल.

परंतु तरुणांचा हिशेबही चुकतो. बहुतेक मंडळे गाजलेली सात-आठ पदे ठेवतात, प्रत्येकाला दहा-बारा मिनिटे देतात आणि साक्या, दिंड्या, अंजनीगीते यांसारखी लहान पद्ये सरसकट कापतात. माझ्या मते हे नेमके उलटे आहे. साकी किंवा दिंडी मिनिटभरात संपते, तिला आलापाची गरज नसते, आणि कथा पुढे नेण्याचे काम बहुधा तीच करते. किर्लोस्करांच्या नाटकात माणसे गद्यात बोलता बोलता सहज पद्यात शिरतात आणि पुन्हा गद्यात येतात. लहान पद्ये काढली की ही ये-जा थांबते आणि उरते ती मैफल, मध्ये मध्ये संवाद असलेली. बारा मोठी पदे पाच-पाच मिनिटांची आणि वीस लहान पद्ये मिनिटा-मिनिटाची असे धरले, तर गाण्याला ऐंशी मिनिटे लागतात आणि गद्याला पंच्याऐंशी उरतात. सव्वाशे पानी वही चाळून घटनेपुरतेच गद्य ठेवले, तर तेवढ्यात ते बसते.

कोणते पद गाळावे हे ठरवताना ते झाकून आधीचे आणि नंतरचे वाक्य सलग वाचावे. दुवा न तुटता वाचन झाले, तर पद काढण्याजोगे आहे. मध्येच कोणाचे तरी उत्तर हरवल्यासारखे वाटले, तर ते पद म्हणजे संवादच आहे आणि ते ठेवलेच पाहिजे.

उदाहरणादाखल ‘वद जाऊं कुणाला शरण ग’ घ्या. भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेपासून हे पद मराठी माणसाच्या कानात आहे, म्हणून ते हमखास ठेवले जाते. पण त्यातला ‘ग’ किती जण ऐकतात? ‘मी धरीन चरण त्याचे, अग सखये’ असे सुभद्रा म्हणते. समोर सखी आहे, आणि सुभद्रा तिला विचारते आहे. गायिका सखीकडे पाठ करून मायक्रोफोनपाशी आली, डोळे मिटून ‘शरण’वर तान घेऊ लागली, की ‘ग’ निराधार होतो. सखीला तिच्या हाताच्या अंतरावर बसवा, ‘ग’वर सुभद्रेने तिच्याकडे पाहावे, आणि सखीने काहीच न बोलता पाहत राहावे. एवढ्यानेच पद बोलू लागते.

वन्समोअरचे मात्र आधीच ठरवा. अख्ख्या प्रयोगात एकच, आणि तोही तिसऱ्या अंकानंतर नको.

प्रश्न: एका परदेशी ऑपेरा कंपनीने शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा ऑपेरा आजच्या वेशात केलेला पाहिला. आपल्याकडे ‘सौभद्रा’ला असे नवे रूप का देत नाहीत? आणि संगीत नाटक म्हणजे मराठी ऑपेराच ना? (रत्नागिरी)

तसे म्हणण्याची चाल आहे, पण पूर्ण खरी नाही. ऑपेरा बव्हंशी आद्यंत गायला जातो, त्यातला प्रत्येक स्वर संगीतकाराने कागदावर लिहिलेला असतो, आणि म्हणूनच तो संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो: ‘ला त्राव्हियाता’ व्हेर्दीचा. ‘सौभद्र’ मात्र किर्लोस्करांचे, म्हणजे नाटककाराचे. चाली ठरलेल्या असल्या, तरी त्या चालीत गायकाने किती फिरावे, कोठे थांबावे, हे त्याच्यावर सोपवलेले असते.

यातूनच ‘नवी निर्मिती’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे निराळा होतो. तिकडे दिग्दर्शक राजवाड्याचे रुग्णालय करील, पात्रांना सूट घालील, पण स्वरांना हात लावणार नाही. आपल्याकडे महाल, मुकुट आणि रंगवलेले पडदे वर्षानुवर्षे तेच राहिले, आणि नवेपण शोधले गेले ते गळ्यात. ‘प्रिये पहा’ छोटा गंधर्वांचे, की आणखी कोणाचे, हीच आपली चर्चा. श्रीकृष्ण त्या वेळी कोठे उभा होता हे कोणाला आठवत नाही. (कालबदलाची गोष्ट तिकडेही नवी नाही. १८५३ साली व्हेनिसमध्ये ‘ला त्राव्हियाता’ आला, तेव्हा व्हेर्दीला तो समकालीन वेशात हवा होता, पण कथा दीडशे वर्षे मागे ढकलावी लागली.)

तेव्हा आजच्या वेशाला माझी हरकत नाही. ‘सौभद्रा’त मुळात आहे तरी काय? थोरल्या भावाने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी परस्पर ठरवले आहे, बहिणीचे मन अर्जुनावर आहे, आणि धाकटा भाऊ थोरल्याला न दुखावता त्याचा बेत उधळतो आहे. ओटी-माजघराच्या घरात हे शोभून दिसेल. किर्लोस्करांनी द्वारकेचा वाडा तसा मराठी घरासारखाच लिहिला आहे. अर्जुनाचा त्रिदंडी संन्यास तेवढा जपा. बलराम ज्याला भक्तिभावाने घरी आणतो आणि ज्याच्या सेवेला बहिणीलाच ठेवतो, तो संन्यासी पहिल्या नजरेत संन्यासी वाटला पाहिजे. ढोंग उघडे पडण्याची गंमत त्यावरच उभी आहे. बाकी बुवांना घरी आणणारे बलराम आजही आहेत, त्यामुळे वेश बदलल्याने हा भाग बिघडेल असे मला वाटत नाही.

प्रकाशाची योजना करताना आधी पद वाचा. ‘प्रिये पहा रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा’ या पदात पुढे ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत’ असे शब्द आहेत. दीप मंद करण्याची सूचना नाटककाराने प्रकाशयोजकाला पदातच लिहून ठेवली आहे, आणि तरीही या पदाला पहिल्या ओळीपासून लख्ख पांढरा झोत मारलेला मी पाहिला आहे. समई खरी ठेवा, दिवा हळूहळू उतरवा, आणि ‘अरुण’ येईपर्यंत रंगमंचावर तांबूस उजेड येऊ द्या. हे पद देसकारात आहे, आणि देसकार सकाळचा राग आहे. तो रात्री साडेआठला पटवायचा, तर डोळ्यांची मदत हवीच.

प्रश्न: ‘सौभद्र’ जुने झाले म्हणून ‘मत्स्यगंधा’ करावे का? परवानगी लागते का? (देवगड)

करावे, पण परवानगी घेऊन. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात, आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यामुळे ‘सौभद्रा’ला कोणाची परवानगी लागत नाही. ‘मत्स्यगंधा’ १९६४ सालचे. नाटककार वसंत कानेटकर आणि १९९८ मध्ये निवर्तलेले संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी यांना जाऊन अजून साठ वर्षे झालेली नाहीत, म्हणून दोहोंकडून, म्हणजे त्यांच्या वारसांकडून, लेखी संमती लागेल. नाटककाराची मिळाली म्हणजे चालीही मिळाल्या, असे समजू नये.

प्रश्न: आमच्या अर्जुनाचा स्वर काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आणि सुभद्रेचा काळी चार. दोघांची पदे लागोपाठ येतात, तेव्हा तबलजीची तारांबळ उडते. (कणकवली)

उलट तुम्ही नशीबवान आहात. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चारचा षड्ज (सा). काळी चारला लावलेला एकच तबला सुभद्रेला षड्जाचा आणि अर्जुनाला पंचमाचा चालेल. हातोडी घेण्याची गरजच पडणार नाही. अर्जुनाचे पद मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात असेल, तर तेवढ्यापुरता दुसरा तबला जवळ ठेवा. ऑर्गनवाल्याने मात्र पद संपताच टाळ्यांत पुढचा षड्ज हळूच धरून ठेवावा. सुभद्रेला सूर शोधायला लावणे म्हणजे अर्जुन तिला सोडून गेल्यावर वाट विचारायला लावण्यासारखे आहे.

प्रश्न: घटोत्कचासाठी आमच्याकडे दशावतारातला एक उत्तम राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसांच्या भूमिका करणारा, नट आहे. त्याला घ्यावे, तर काही म्हणतात, बाज बिघडेल. (कुडाळ)

अवश्य घ्या. झोपलेल्या सुभद्रेला उचलून अरण्यात नेणारा घटोत्कच संगीत नाटकवाले बहुधा कापूस भरलेल्या खांद्यांवर भागवतात. दशावतारी नटाची पावले, अंगाचा तोल, भरजरी वेशात फिरण्याची सवय आणि स्वतःचा रंग स्वतः लावण्याची कला आपल्या हौशी नटांकडे नाही. भाषेचीही भीती नको. दशावतारात देव-दानव प्रमाण, भारदस्त मराठीतच बोलतात, मालवणी येते ती विनोदी पात्रांच्या तोंडी.

अडचण येईल ती वेगळीच. दशावतारी नट लिखित संहितेवर वाढलेला नसतो. कथेचा सांगाडा ठरला की संवाद तो उभ्या उभ्या रचतो. ‘सौभद्रा’त त्याला दिलेलेच वाक्य बोलावे लागेल, कारण त्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर पुढच्या नटाचा प्रवेश किंवा ऑर्गनचा सूर ठरलेला असतो. तालमीत त्याला पहिल्या दोन दिवशी त्याच्या पद्धतीने बोलू द्या, मग वही हातात द्या. आणि त्याच्या प्रवेशाला तबल्याऐवजी मृदंग आणि झांज दिली, तर मला आनंद वाटेल. कोणी नाक मुरडले, तर माझे नाव सांगा.

प्रश्न: मंडळाचा जुना पायपेटी ऑर्गन पावसाळाभर बंद होता. पट्ट्या चिकटतात, दोन-तीन सूर बोलतच नाहीत. उत्सवाला महिना आहे. (वेंगुर्ले)

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण याच्या यातना मी स्वतः भोगल्या आहेत. अनेक वर्षांपूर्वी गुहागर तालुक्यातल्या एका गावी मी सुभद्रेला साथ करत होतो. सकाळपासून समुद्रावरून ओला वारा येत होता, आणि संध्याकाळी पेटी उघड्यावरच उभी होती. पद ऐन रंगात असताना कोमल निषादाची पट्टी खाली गेली ती वर येईना. पाय मारावे तर निषाद पदावर पसरतो, थांबावे तर गायिकेच्या पायाखालचा सूर निघून जातो. मी डाव्या हाताने पट्टी नखाने उचलून धरली आणि उजव्या हाताच्या चार बोटांत उरलेले पद वाजवले. प्रेक्षकांनी वन्समोअर मागितला तेव्हा मला रडू येणेच बाकी होते.

चूक पूर्णपणे आमचीच होती. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि पट्टी शेजारच्या पट्टीला किंवा खिळ्याला घासते. अशा वेळी पट्टी घासून बारीक करण्याचा मोह होतो, तो टाळावा. कार्तिकात लाकूड आकसले की तीच पट्टी सैल होऊन खटखट वाजू लागते. आधी पेटी कोरडी करा. मागची फळी काढून आत चाळीस वॅटचा पिवळा दिवा, लाकडाला आणि कापडाला न टेकता, रोज काही तास लावून ठेवा, आणि पेटी भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर दोन फळ्या ठेवून त्यांवर उभी करा. आठवड्यात निम्म्या पट्ट्या आपोआप सुटतील. न बोलणारा सूर बहुधा मेलेला नसतो. आवाज देणाऱ्या पितळी जिभेखाली, म्हणजे रीडखाली, धुळीचा कण किंवा हिरवट गंज बसलेला असतो. ती रीड अलगद बाहेर काढून मऊ कोरड्या ब्रशाने झाडावी. खरवडू मात्र नका, कारण पितळ कणभर गेले तरी सूर बदलतो. भात्याचे कापड झुरळांनी किंवा उंदरांनी कुरतडले असेल, तर पाय कितीही मारले तरी वारा टिकणार नाही, आणि ते काम जाणकाराकडे सोपवावे.

पेटी पटांगणात प्रयोगाच्या दिवशी सकाळी नेऊ नका; दोन दिवस आधी देवळाच्या सभामंडपात नेऊन ठेवा, म्हणजे तिथल्या हवेची तिला सवय होईल. कार्तिकात दिवसा हवा कोरडी असते, पण सूर्य मावळला की दव पडू लागते. तबल्याच्या चामड्याला ते लगेच कळते, ऑर्गनला उशिरा. मधल्या सुट्टीत पट्ट्यांवर जाडे सुती कापड टाका, त्यावर कोणी चहाचा पेला ठेवणार नाही याकडे लक्ष द्या, आणि खिशात एक पातळ, बोथट चमचा असू द्या. पट्टी अडकलीच, तर नखापेक्षा तो बरा.