एफडी मोडून गेम झोन?

प्रश्न: नाशिकला इंदिरानगरात घरी शिकवण्या घेते. मिस्टर अंबडला कंत्राटी नोकरीत आहेत. घरखर्च महिना ३० हजार, शिल्लक म्हणजे ४ लाखांची एफडी, बस. मुंबईतल्या बंद होणाऱ्या गेम झोनचे किनेक्टचे चार सेट टीव्हीसकट १ लाख ६० हजारांत मिळतायत. हातात काही धरायचं नाही, अंग हलवून खेळायचं. ५ हजार टोकन दिलंय. पाथर्डी फाट्याला ४०० चौरस फुटांचा गाळा बघितलाय, भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार. सेटमागे अर्ध्या तासाला ६० रुपये घेईन. एफडी मोडू का?

उत्तर: ताई, मोडू नका. मुलांना बसवून न ठेवता उड्या मारायला लावायची तुमची कल्पना मला मनापासून आवडली, म्हणून कारणं नीट सांगतो.

किनेक्ट, म्हणजे खेळणाऱ्याच्या हालचाली टिपणारा सेन्सर, २०१० मध्ये आलं. ते ज्या गेम मशीनला जोडतात तो मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० बनवणं २०१६ मध्ये थांबलं, किनेक्टचं २०१७ मध्ये. जुलै २०२४ मध्ये ३६० चं ऑनलाइन दुकानही बंद झालं. आता नवा गेम हवा तर जुनी डिस्क शोधत फिरायचं. मशीनमध्ये भरलेले गेम विकणाऱ्याच्या खात्यावरचे असतील तर तुमच्याकडे ते चालतीलच असं नाही. सेन्सर बिघडला तर बदली मिळणार तोही जुनाच.

खरा पैसा जागा खाते. एकट्याला सेन्सरपासून सहा फूट लांब उभं राहावं लागतं, दोघांना आठ. हात फिरवायची जागा धरून एका सेटला ८० चौरस फूट तरी हवेत. काउंटर, चपला आणि थांबलेले आईबाप वजा केले की तुमच्या गाळ्यात तीनच सेट बसतात. हा सेन्सर समोर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके टाकून अंतर ओळखतो. शेजारच्या सेटचे ठिपके त्यात मिसळले की दोन्ही गोंधळतात, म्हणजे मधे पार्टिशन आलं. उन्हातही इन्फ्रारेड असतंच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गाळ्याची पश्चिमेची बाजू सगळी काचेची आहे. मे महिन्यात दुपारी चारला ऊन थेट सेन्सरवर येणार, आणि सुट्टीतली पोरं नेमकी तेव्हाच येणार. जाड पडदे लावलेत की एसीशिवाय कोणी थांबणार नाही.

आता हिशोब. भाडं १८ हजार, मदतीला मुलगा १० हजार, वीज-नेट ५ हजार: महिना ३३ हजार. म्हणजे अर्ध्या तासाचे ५५० डाव, रोजचे अठरा-एकोणीस. शाळेच्या दिवसांत साडेपाच ते साडेआठ तीनही सेट एक मिनिट रिकामे राहिले नाहीत तरी अठराच डाव होतात. रविवार हात देईल, पण परीक्षेचे महिने कोण भरून काढणार? हे सगळं करून हाताशी उरतं शून्य.

कंत्राटी नोकरीच्या घरात सहा महिन्यांचा खर्च, १ लाख ८० हजार, बाजूला हवाच. उरतात २ लाख २० हजार. सेट आणि डिपॉझिटमध्येच ते संपतात. पार्टिशन, पडदे, एसी अजून बाकीच आहेत.

शिकवणीच्या खोलीत हातात कंट्रोलर धरून खेळायचा एकच सेट आणा, ४० हजारांच्या आत. यात हालचाल कंट्रोलरमधलाच सेन्सर टिपतो, त्यामुळे उन्हाची कटकट कमी. मनगटाची पट्टी मात्र प्रत्येक मुलाला बांधायला लावा. निन्टेन्डो कंपनीचा असाच वी नावाचा सेट २००६ मध्ये आला तेव्हा पट्ट्या तुटून कंट्रोलर उडत होते, कंपनीला ३२ लाख पट्ट्या बदलून द्याव्या लागल्या. टीव्हीपुढे ॲक्रिलिकची शीटही लावा.

पैसे एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल, काढून घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, पण एफडी चालू राहते. त्याआधी सोसायटीला आणि महापालिकेत परवानगीचं विचारून घ्या. दिवाळी आणि मेची सुट्टी वहीत रोज लिहा: किती डाव झाले, कोण परत आलं. तिसऱ्या रविवारीही तीच मुलं आपणहून येत असतील तर वही घेऊन या, गाळ्याचं तेव्हा बघू.

मुंबईच्या माणसाला आजच नाही म्हणून कळवा. टोकनचे ५ हजार मागून बघा. नाही दिले तर सोडून द्या, त्यांच्यापायी १ लाख ५५ हजार घालू नका.