चाळिशीत घोडेस्वारी शिकता येते का, आणि रायडिंग स्कूलमध्ये नेमके काय शिकवतात?

आपले वय एकोणचाळीस आहे, आठ वर्षांच्या मुलीबरोबर आपल्यालाही घोडेस्वारी शिकायची आहे, आणि 'महिन्याभरात घोडा पळवा' या जाहिरातीवर कितपत विश्वास ठेवावा, असे आपण विचारले आहे. मी पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये वयाच्या ४१व्या वर्षी नाव घातले आणि आज चार वर्षांनंतरही आठवड्यातून तीन दिवस जाते, त्या अनुभवावरून सांगते. शिकता येते. महिन्याभरात मात्र घोडा आपल्याला पळवतो, आपण घोड्याला नाही.

पहिल्या दिवशी मला घोड्यावर बसवलेच नाही. सकाळी सहाला पोहोचले, तर मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, हातात खराऱ्याचा ब्रश दिला आणि 'पेढ्या'समोर उभे केले. पेढा हा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. शर्यतीच्या कागदांवर त्याचे काही तरी भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण रंगावरून तबेल्यात सगळे त्याला पेढाच म्हणतात. घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचे. मागून जावेच लागले तर अंगावर हात ठेवून जायचे. खूर साफ करताना आकडी टाचेकडून पुढे न्यायची आणि मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोचू द्यायची नाही. खोगीर चढवून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना पेढा छाती फुगवून उभा राहतो, त्यामुळे चार पावले चालवून तंग पुन्हा आवळावा लागतो. हे विसरल्यास रिकिबीत पाय ठेवताच खोगिरासकट आपण घोड्याच्या पोटाकडे घसरतो. पहिल्या आठवड्यात मला हा सगळा वेळ फुकट गेल्यासारखा वाटत होता आणि फी घोड्यावर बसण्याची भरली आहे, असे मी एकदा बोलूनही दाखवले होते. आता मात्र वाटते की, जी शाळा विद्यार्थ्याला अर्धा तास आधी बोलावून खरारा करायला लावत नाही, तिथे मुलीला घालू नये.

त्यानंतरचे दोन महिने मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, बसवण्यात जातात. प्रशिक्षक मध्ये उभे राहून लांब दोराने घोड्याला गोल फिरवतात आणि आपण वर, बऱ्याचदा लगाम हातात नसताना, कधी रिकिबीही काढून घेतलेल्या. नवशिका घाबरला की गुडघे आवळतो, आणि गुडघे आवळले की शरीर चिमट्यातून निसटल्यासारखे वर उचलले जाते. वजन टाचेत उतरले पाहिजे आणि खांदा, कंबर व टाच एका रेषेत राहिली पाहिजे. साध्या चालीत हे जमते. दुडक्या चालीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, तिरक्या कोपऱ्यांतले दोन पाय एकदम पडतात आणि प्रत्येक टापेला कण्यात दणका बसतो. तो चुकवण्यासाठी एका टापेला उठायचे, दुसऱ्या टापेला बसायचे. मला हा ताल नवव्या दिवशी सापडला, तोवर मांड्या सोलून निघाल्या होत्या. २०२३च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला ठरावीक चाली नेमकेपणाने करायला लावण्याच्या प्रकारात, जे सुवर्णपदक मिळवले, घोडेस्वारीत एकेचाळीस वर्षांनी आलेले, त्यात मुंबईचे हृदय छेडा होते. त्या वेळची चित्रफीत मी नंतर पाहिली, तेव्हा स्वार काहीच करत नसल्यासारखा दिसतो यामागे किती घाम आहे, हे मला मांडीच्या कातड्यामुळे कळले.

माझी मुख्य चूक तिसऱ्या महिन्यातली. ट्रॉटमधून पेढा अचानक कँटरमध्ये, म्हणजे त्याहून वेगवान चालीत, गेला, मी घाबरून दोन्ही हातांनी लगाम खेचला आणि तो थांबण्याऐवजी सुसाट सुटला. प्रशिक्षक ओरडत होते, "ताई, लगाम सोडा, सोडा!" आणि मी आणखीच खेचत होते. शर्यतीच्या घोड्याला लगामाच्या ओढीवर रेलून धावण्याची सवय लावलेली असते. आपली भीती त्याला वेग वाढवण्याची खूण वाटली. वळणावर मी वाळूत पडले, डाव्या मनगटाला सूज आली. पेढा दहा पावलांवर थांबून माझ्याकडे पाहत होता. पाच मिनिटांत मला पुन्हा चढवले, साध्या चालीत दोन फेऱ्या मारायला लावल्या, आणि मग बर्फ दिला. लगाम ओढून धरायचा नसतो, क्षणभर आवळून लगेच सैल करायचा असतो, हे त्या दिवशी हातांना समजले.

मुलगी आपल्यापेक्षा लवकर शिकेल, याची तयारी ठेवा. दोघांनाही हनुवटीखाली पट्टा असलेले खरे रायडिंग हेल्मेट आणि लहानशी टाच असलेले बूट लागतील, कारण सपाट बूट रिकिबीतून आरपार जाऊन अडकतो. धनुर्वाताचे इंजेक्शनही घेऊन ठेवावे.

शाळा निवडताना दूरध्वनी करून जाऊ नका, सकाळी सहाला नुसते जाऊन उभे राहा. खोगीर काढल्यावर घोड्यांच्या पाठी पाहा: खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तिथे कधी तरी खोगीर रुतून जखम झालेली असते. एक घोडा दिवसाला किती वर्ग करतो, हे मालकाला नव्हे, मोतद्दाराला विचारा. त्याने उत्तर द्यायला वेळ लावला, तर दुसरी शाळा पाहा.