'विकेंद्रीकरण' की 'विकेंद्रितता'?

ब्लॉकचेनवरच्या (म्हणजे एकच नोंदवही अनेक कॉम्प्युटरवर ठेवायची पद्धत) मराठी लेखात 'विकेंद्रीकरण' लिहायचं का 'विकेंद्रितता', अन् पंचायत राजमधला तोच शब्द इथे चालतो का, असा प्रश्न आहे. चालतो, पण सगळीकडे नाही चालत ना भाऊ.

'करण' लागलं की आधी नव्हतं ते केलं असा अर्थ येतो, स्पष्ट नव्हतं ते स्पष्ट केलं म्हणून स्पष्टीकरण. तसंच विकेंद्रीकरणाला आधी एक केंद्र लागतं, आणि त्या केंद्राने स्वतःजवळचं काहीतरी सोडावं लागतं. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, मुंबईतून चालणारी बरीच कामं जिल्ह्यात गेली, ते विकेंद्रीकरण. (डिसेंबरात आपल्याकडे अधिवेशन येतं त्याला मात्र म्हणू नका, तिथे केंद्रच बॅग भरून नागपूरले येते अन् वापस जाते.)

बिटकॉइनचं वेगळं आहे. जानेवारी 2009 मध्ये पहिला ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा) बनला तेव्हापासूनच मधे बँक नव्हती, व्यवहारांची अख्खी वही नेटवर्कमधल्या हजारो कॉम्प्युटरवर असते आणि कोणता व्यवहार खरा ते सगळे मिळून एकाच नियमाने तपासतात. कोणी कोणाला अधिकार वाटलेच नाहीत, मग 'करण' कशाचं? तिथे 'विकेंद्रित चलन', 'विकेंद्रितता' हेच बरोबर.

गंमत खरी पुढे आहे. गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले. आता दाखला देतं सरकारी ऑफिसच, अर्जही तिथेच करायचा, पण तो खरा की बनावट हे पाहायला परत त्या ऑफिसला विचारत बसायची गरज नाही. म्हणजे पडताळणीचं विकेंद्रीकरण झालं, देण्याच्या अधिकाराचं नाही. बातम्यांमध्ये नुसतं 'विकेंद्रीकरण' ठोकून देतात, कशाचं ते लिहितच नाहीत, याचाच मला राग येतो. जमिनीची नोंद असो की औषधांची पुरवठा साखळी, 'कशाचं' लिहिल्याशिवाय तो शब्द वापरूच नये.

आणि कंपन्यांच्या ज्या ब्लॉकचेनमध्ये कोणाला घ्यायचं ते चालवणारेच ठरवतात, तिला सरळ 'सामायिक नोंदवही' म्हणा.

लिहिताना 'विकेंद्रीकरण'मधली द्री दीर्घ, 'विकेंद्रित'मधली ऱ्हस्व. बाकी 'ब्लॉकचेन'ला 'खंडसाखळी' वगैरे करायच्या फंदात पडू नका बाप्पा, 'केंद्र' हा शब्दसुद्धा ग्रीकमधून ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात आलेला आहे.