घरात आजारपण असताना दहावीचा अभ्यास कसा करावा?

बाबा दवाखान्यात, घरचं निम्मं काम तुझ्यावर, परीक्षा दोन महिन्यांवर आणि वेळापत्रक दोन दिवसांत मोडतं, असं तू लिहिलं आहेस. ते मोडणारच. ‘6 ते 8 विज्ञान’ हे ज्याची संध्याकाळ त्याच्या हातात असते त्याच्यासाठी ठीक. तुला मिळतात ती मधली 20-25 मिनिटं, तेव्हा तासांऐवजी कामं लिही.

रात्री एका चिठ्ठीवर उद्याची तीनच कामं लिहून ठेव आणि ती नेमकी लिही. ‘बीजगणित’ असं लिहिलंस तर हाताशी आलेल्या वेळातला निम्मा कुठून सुरू करू यातच जातो. ‘वर्गसमीकरणे, सूत्र पद्धतीची 4 उदाहरणं’ असं लिहिलं की वही उघडून थेट सुरुवात होते.

25 मिनिटं मिळाली तर पहिली 5 मिनिटं पुस्तक न उघडता कालचं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिही. पुढची 15 नवा भाग. शेवटची 5 पुस्तक मिटून आत्ताचं लिही आणि मग पडताळून चुकलेलं लाल पेनने सुधार. हा मिटून लिहिण्याचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तोच गाळू नकोस. पुन्हा पुन्हा वाचलं की ओळी ओळखीच्या होतात आणि आपल्याला येतंय असं वाटतं. पेपरात मात्र त्या समोर नसतात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात हेच दिसलं: 5 मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणून प्रत्येक भाग दुसऱ्या दिवशी, मग साधारण तिसऱ्या आणि आठव्या दिवशी असाच आठवून लिही.

दवाखान्यात काय न्यायचं हेही ठरव. भौमितिक रचनांना टेबल आणि कंपास लागतो, त्या घरीच. तिथे व्याख्या, रासायनिक समीकरणं, ‘कारणे द्या’ नीट होतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती फोनवर आधीच उतरवून ठेव. घरचे कधीही फोन करतील, त्यामुळे रिंग चालू आणि नेट बंद.

साठलेला अभ्यास धडा 1 पासून भरून काढायला बसू नकोस. त्यात आजचंही राहतं. आज वर्गात जे चाललंय ते आधी, मागचं रोज एकच काम. जागरण झालं असेल तर दुसऱ्या दिवशी नवं काही घेऊ नकोस, सोडवलेलीच उदाहरणं पुन्हा सोडव. झोप कमी करून मिळवलेला तास फार टिकत नाही, कारण वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

वर्गशिक्षकांना परिस्थिती या आठवड्यातच सांग. गणित आणि विज्ञानाला लेखी 80 सोबत 20 गुण अंतर्गत असतात, आणि गैरहजेरीत प्रात्यक्षिक, गृहपाठ, वह्या यांचेच हातचे गुण निसटतात. आधी कळलं तर शिक्षक तारखा सांभाळून घेऊ शकतात.

एखादा विषय राहिलाच, तरी निकालानंतर पुरवणी परीक्षा असते आणि दोन विषयांपर्यंत एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर) अकरावीला प्रवेश मिळतो. रात्री फार घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.