मागचे ब्रेक पॅड पुढच्यांच्या आधी संपले, तर चारही चाकांचे बदलायचे का?

तुम्ही लिहिलंय, की गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, मागचे पॅड संपत आलेत, पुढचे मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत आणि गॅरेजवाले म्हणतात चारही चाकांचे बदलून टाका. ऑगस्ट 2024 च्या पुरात गाडी अर्धी चाकं बुडतील एवढ्या पाण्यात उभी होती, हेही जाता जाता लिहिलंय. मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटते. मीही बडोद्यातलाच. घरच्या गाडीचं ब्रेकचं काम मी स्वतः करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चारही बदलायची गरज नाही. पॅड जोडीने बदलतात, म्हणजे मागचं डावं आणि उजवं चाक एकदम. पुढचे चांगले असतील तर राहू द्या. नव्या पॅडचं मटेरियल साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतं, मागच्यांचं बऱ्याच गाड्यांत त्याहून कमी. 3 मिलिमीटर उरलं की बदलायचं, पॅडमागची लोखंडी पट्टी डिस्कला लागेपर्यंत थांबायचं नाही.

आता मागचे आधी का संपले? जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढची चाकं निम्म्याहून बरंच जास्त काम करतात. म्हणून पुढचे पॅड आधी झिजतात हा समज चुकीचा नाही. पण आताच्या गाड्यांत ईबीडी असतं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा. मागचं चाक घसरण्याच्या बेतात आहे का, यावर ते सेन्सरने लक्ष ठेवतं आणि घसरत नसेल तर मागच्या ब्रेकला त्याचा वाटा पुरेपूर देतं. बडोदा सपाट. अलकापुरी ते मांजलपूर जाताना आपण दिवसभर हलके हलके ब्रेक मारतो, अहमदाबाद एक्सप्रेसवेवर तर त्याहून कमी. अशा हलक्या ब्रेकमध्ये वजन फारसं पुढे जातच नाही, मग मागच्यांच्या वाट्याला बऱ्यापैकी काम येतं आणि ते मुळात असतात पातळ. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू लागलं तर आवरणारी यंत्रणा) असेल तर तेही मधूनमधून ब्रेकच वापरतं. तेव्हा पुढच्या-मागच्यांत फरक आहे एवढ्यावरून गाडीत दोष आहे असं म्हणता येत नाही.

दोष शोधायचा तो एकाच चाकाच्या दोन पॅडमध्ये. गॅरेजमध्ये जुने पॅड काढले की लगेच भंगाराच्या डब्यात जातात. ते तसे टाकू देऊ नका. आधीच सांगून ठेवा, आणि प्रत्येकाच्या पाठीवर खडूने लिहून घ्या: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. मग चारही शेजारी शेजारी ठेवून पाहा. सगळे सारखे झिजले असतील तर नवे घाला आणि निर्धास्त राहा. आतला संपलाय आणि बाहेरचा जाड आहे, किंवा उलट, किंवा एकच पॅड एका टोकाला पातळ नि दुसऱ्या टोकाला जाड आहे, तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, मोकळा सरकत नाही. तिथे नुसते नवे पॅड घातले तर तेही तसेच खाल्ले जातील.

पुराचा संबंध इथे येतो. मागचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिनांवर रबराची टोपी असते, आत ग्रीस. टोपीला बारीकशी चीर असली तरी विश्वामित्री नदीचं गाळाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पुढच्या काही महिन्यांत पिन गंजते. अशी पिन बाहेर काढली की मधल्या भागावर तपकिरी कडं दिसतं, त्यावर चिकट काळपट चिखल. चांगली पिन दोन बोटांनी सहज आत-बाहेर होते, गंजलेली मात्र पक्कड लावूनही कुरकुरते. तिला हलकं घासून साफ करायचं, खड्डे पडले असतील तर नवीच घ्यायची. टोप्या मात्र नव्याच घाला. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं हवं. बेअरिंगचं साधं ग्रीस चालणार नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. ही एक गोष्ट गॅरेजमध्ये समोर उभं राहून बघा, कारण हात साधारणपणे साध्या ग्रीसच्या डब्याकडेच जातो.

दुसरी जागा हँडब्रेकची. तुमच्या गाडीत केबलचा हँडब्रेक असेल तर मागच्या कॅलिपरवर एक छोटा दांडा असतो. हँडब्रेक सोडल्यावर तो पूर्ण मागे जाऊन टेकायला हवा. केबलच्या नळीत पाणी शिरून गंज धरला की तो अर्ध्यावरच थांबतो आणि पॅड रात्रंदिवस डिस्कला घासत राहतात. तपासायला सोपं आहे: दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, शेवटी हळूहळू थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या. हात लावू नका, जवळ न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलेलं असेल, तर तेच अडकतंय.

मागचा पिस्टन, म्हणजे कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या, आत ढकलायची पद्धतही विचारा. केबलवाल्या कॅलिपरचा पिस्टन बहुतेक वेळा फिरवत आत न्यावा लागतो, क्लॅम्पने दाबला तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी मोकळा सोडायच्या स्थितीत, टाकावा लागतो. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून त्याची टाकी काठोकाठ भरलेली असेल तर थोडं काढून ठेवा. ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं आणि उकळायला कमी उष्णता पुरते. जिथे पाणी जाऊन अडकतं ते मागचे कॅलिपर उघडलेले असताना हे काम वेगळं करायला लागत नाही.

पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, आणि पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही असं चालवा.

जुन्या चारही पॅडची जाडी कळवा, शक्य झालं तर पिनांचा फोटोही टाका. डावा-उजवा असा फरक निघाला तर ब्रेकचा रबरी होजही (ऑइल कॅलिपरपर्यंत नेणारी नळी) बघावा लागेल, पण ते आकडे आल्यावर बोलू.