ग्लासगोची पीएच.डी. आणि मुगुमूची कुत्री

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा : शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन तुम्ही तीन वर्षे तालुक्याच्या दवाखान्यात काम केले आहे, आता ग्लासगो विद्यापीठात रेबीजवर पीएच.डी. करण्याची संधी समोर आहे. त्यातले सव्वा वर्ष टांझानियात काढावे लागणार आहे. घरी पती आणि चार वर्षांची मुलगी आहे. तर जावे की न जावे? मी परळच्या महाविद्यालयात शिकले, गोव्यात दोन वर्षे कुत्र्यांच्या लसीकरणात काढली आणि आठ वर्षांपूर्वी याच वाटेने बाहेर पडले. त्यामुळे मला ठाऊक आहे तेवढे सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण माझाही तोच होता. ग्लासगोला जाणे म्हणजे रेबीजच्या जवळ जाणे नव्हे. ब्रिटनमधल्या कुत्र्यांतून हा रोग १९२२ सालीच संपला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये २००२ साली वटवाघळांचे काम करणाऱ्या एका व्यक्तीचा वटवाघळांतल्या त्याच कुळातील विषाणूने मृत्यू झाला, तेवढा अपवाद. तेथे तुम्ही संगणकासमोर बसाल, आकडेमोड शिकाल, विषाणूंच्या जनुकक्रमांवरून त्यांचे वंशवृक्ष काढाल आणि पावसाकडे पाहत बसाल. हे सगळे उपयोगाचे आहे, पण संशोधनाचा कच्चा माल टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेकडच्या गावांतून येतो, आणि तो गोळा करण्याची पद्धत पाहिली तर ती पोलीस पाटलाच्या चौकशीची आठवण करून देते. ते काम तुम्हाला जमेल का आणि आवडेल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. विद्यापीठ कोणते, हा त्यानंतरचा.

ते काम कसे असते ते सांगते. दवाखान्याच्या वहीतून श्वानदंशाच्या नोंदी काढायच्या आणि एकेका रुग्णाच्या घरी जायचे. मुगुमू हे सेरेंगेटी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. त्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर आम्ही एका आजोबांसमोर बसलो होतो. वहीत त्यांच्या नातवाची नोंद होती : डावी पोटरी, कुत्रा परका. तारीख विचारली तेव्हा आजोबा म्हणाले की मक्याची कणसे भरत आली होती. कुत्रा कोठून आला, कोणाच्या गोठ्यात शिरला, कोणत्या दिशेने गेला, हे आमच्या सहकाऱ्याने एकेक करून विचारले, आणि आजोबांनी उठून काठीने दिशा दाखवली. त्या दिशेच्या चौथ्या घरी एक गाय महिन्यापूर्वी हंबरत आणि लाळ गाळत मेली होती. पुढच्या वस्तीवर लोकांनी तो कुत्रा मारून पुरला होता. तिथल्याच एका बाईने लुगड्यासारखे गुंडाळलेले वस्त्र बाजूला करून घोट्यावरचा चावा दाखवला. तिचे नाव कोणत्याच वहीत नव्हते, कारण दवाखान्यापर्यंत जायला भाडे नव्हते. चाव्याला कितीही दिवस झालेले असले तरी लस घ्यायलाच हवी, हे त्या दिवशी प्रश्नावली मिटून आधी सांगावे लागले आणि तिला घेऊन जावे लागले. संशोधक म्हणून तुमच्याकडून हेही अपेक्षित असते, पण ते कोणत्याही प्रस्तावात लिहिलेले नसते.

अशा शेकडो चौकशांतून कोणता कुत्रा कोणामुळे पिसाळला याची साखळी उभी राहते. कुत्र्यात रेबीज उबण्याचा काळ सरासरी तीन आठवड्यांचा, पिसाळल्यानंतरचे आयुष्य तीन दिवसांच्या आसपास, चावा बसलेल्या लस न दिलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांनाच रोग होतो आणि एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एकाहून थोड्याच अधिक कुत्र्यांना तो देतो, हे आकडे याच जिल्ह्यातल्या चालण्या-बोलण्यातून निघाले. सारा क्लीव्हलँड आणि केटी हॅम्पसन यांच्या संशोधनगटाचे हे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. एकाहून थोड्याच अधिक, या शब्दांना फार महत्त्व आहे. गोवराची साखळी तोडायला जवळजवळ प्रत्येकाला लस द्यावी लागते. इथे सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी दिली तरी पुरते. दरवर्षी का, तर कुत्री अल्पायुषी असतात आणि पिल्ले सतत जन्मत असतात, त्यामुळे यंदा गाठलेले सत्तर टक्के पुढच्या हंगामापर्यंत आपोआप घसरतात.

मी गोव्याहून गेले असल्याने मला एक धक्का बसला. गोव्यात आम्ही पहाटे जाळी घेऊन निघायचो, भटका कुत्रा पकडायचा, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि सोडायचा. टांझानियाच्या गावांत जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला मालक असतो. शाळेच्या मैदानावर किंवा झाडाखाली टेबल मांडले की मुलेच कुत्र्यांना दोरीने, सायकलच्या ट्यूबने, कधी नुसते कान धरून घेऊन येतात आणि रांगेत उभी राहतात. नोंदवहीत कुत्र्याचे नावही लिहितात. तिथे प्रश्न पकडण्याचा नसतो. टेबल किती अंतरावर मांडले, आदल्या दिवशी कोणी दवंडी दिली आणि त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता का, यावर सत्तर टक्के ठरतात. भारतातून येणारा पशुवैद्य इथे थोडा गर्वाने येतो आणि पहिल्या महिन्यात गप्प होतो.

लस साठवण्याचा भाग तुम्हाला आवडेल. नोबिव्हॅक ही कुत्र्यांची लस २५ अंशांवर सहा महिने आणि ३० अंशांवर तीन महिने ठेवूनही तितकीच परिणामकारक राहते, हे तिथे तपासले गेले. त्यानंतर फ्रीजशिवाय गावातच लस ठेवता यावी म्हणून पाण्याच्या बाष्पीभवनावर थंड राहणारे मातीचे भांडे तयार झाले. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसू आवरले नाही, कारण आमच्या स्वयंपाकघरातला माठ आजीने बिनाप्रबंधाचा चालवला होता.

आता नमुन्यांबद्दल. मेलेल्या कुत्र्याची कवटी फोडावी लागत नाही. मज्जारज्जू जिथून आत शिरतो त्या मागच्या छिद्रातून प्लॅस्टिकची नळी घालून मेंदूचा अंश काढतात. चष्मा, मुखपट्टी आणि दुहेरी हातमोजे यांत कधीही सूट घेऊ नका, अगदी दुपारचे ऊन डोक्यावर असले तरी.

भाषा शिका. स्वाहिलीत रेबीजला ‘किचा चा म्ब्वा’ म्हणतात, म्हणजे कुत्र्याचे वेड; आपल्या ‘पिसाळणे’सारखाच हा शब्द लोकांच्या तोंडचा आहे आणि ‘रेबीज’ म्हटल्यास कोणी ओळखत नाही. वडीलधाऱ्यांना आधी ‘शिकामू’ म्हणायचे, ते ‘मराहाबा’ म्हणतात, आणि मगच कामाचे बोलायचे. हे ज्याला गावाकडे पाया पडण्याची सवय आहे त्याला शिकवावे लागत नाही. तिथे तुम्ही ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे दुकानदार, असा समज असल्यामुळे मला सुरुवातीला कितीतरी घरांत साखरेचा भाव विचारला गेला.

कागदपत्रांकडे मी दुर्लक्ष केले आणि त्याची किंमत मोजली. टांझानियात संशोधनासाठी विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा, म्हणजे कॉस्टेकचा, परवाना लागतो; माणसांना प्रश्न विचारायचे असल्यास राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची नैतिक मान्यता लागते; आणि त्यानंतर संशोधकांसाठीचा ‘क’ वर्गाचा रहिवास परवाना. हे एकापाठोपाठ मिळते, एकाच वेळी नाही. माझ्या वेळी एका कार्यालयात अर्ज अपुरा म्हणून पडून राहिला आणि मला ते कोणी कळवले नाही. पाच महिने मी ग्लासगोत हात चोळत बसले आणि विद्यावेतनाचा काळ मात्र चालूच राहिला. तुम्ही होकार देण्याआधीच मार्गदर्शकांना लेखी विचारा की कॉस्टेकचा अर्ज कोण आणि कधी करणार, आणि स्थानिक भागीदार संस्था कोणती.

पैशांचे स्पष्ट बोलू. ब्रिटनमधले सरकारी संशोधन विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला किमान २०,७८० पौंड आहे, त्यावर कर नाही. मात्र शिष्यवृत्तीतून अनेकदा फक्त ब्रिटिश विद्यार्थ्यांइतकेच शुल्क भरले जाते. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क त्याच्या कितीतरी पट असते, म्हणून फरक कोण भरणार हेही लेखी घ्या. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार विद्यार्थी व अवलंबितांसाठी माणशी वर्षाला ७७६ पौंड असतो आणि तो एकरकमी भरावा लागतो. तिघांचे चार वर्षांचे ९,३१२ पौंड होतात. एवढी रक्कम व्हिसाच्या शुल्काशिवाय आधी हातात हवी. दिलासा एवढाच की २०२४ पासून वर्गशिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही, पण पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना येते, आणि पतींना तिथे काम करता येते. स्कॉटलंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना वर्षाला ११४० तास बालशिक्षण मोफत आहे. पशुवैद्य म्हणून व्यवसाय करण्याचा विचार मात्र सोडा. भारतीय पदवीला तिथे वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि संशोधनासाठी तिची गरजही नाही. मुलीला मुगुमूला नेऊ नये असे माझे मत आहे. मलेरियाचा भाग आहे आणि तुम्ही दिवसभर बाहेर असाल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला बराच वेळ घेतला : जगात दरवर्षी रेबीजने सुमारे ५९,००० माणसे मरतात आणि त्यातली तिसऱ्या भागाहून अधिक भारतातली असतील, तर हे शिकायला बाहेर का जावे? प्रामाणिक उत्तर असे की माणसांवरच्या उपचारात आपण पुष्कळ बाबतींत टांझानियाच्या पुढे आहोत. आपल्या सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. तिथे अनेकांना प्रत्येक डोसचे पैसे मोजावे लागतात आणि साठा संपलेला असतो, जरी २०२४ पासून गावी या लसआघाडीने (आपल्या ‘गावी’ जाण्याशी याचा संबंध नाही) मदत देऊ केली असली तरी. मागे आहोत ते साखळी शोधण्यात. चावलेला कुत्रा कोणाचा आणि पुढे कोठे गेला, हे आपल्या दवाखान्यात क्वचितच कोणी विचारते. टांझानियाच्याच पेंबा बेटावर २०१४ साली रेबीज संपला, २०१६ साली मुख्य भूमीवरून आलेल्या कुत्र्यांबरोबर किमान दोनदा परतला आणि २०१८ पर्यंत पुन्हा आटोक्यात आला. तो परतला तेव्हा कोठून आला हे सांगता आले, कारण चौकशी आणि जनुकक्रम दोन्ही तयार होते. गोवा २०२१ साली रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. त्याच्या सीमेवरून रोज वाहने येतात-जातात, त्यांत कुत्रीही असतात. सिंधुदुर्गात आणि बेळगावकडे ती साखळी शोधणारी माणसे लागणार आहेत, म्हणून तुम्ही गेलात तर परत येण्याची सोय ठेवून जा : भारतातल्या एखाद्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील सहमार्गदर्शक पहिल्याच वर्षी घ्या, पाचव्या वर्षी शोधायला निघू नका.

निघण्याआधी रेबीजच्या प्रतिबंधक लसीचे तिन्ही डोस, म्हणजे ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशीचे, घेऊन प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, ०.५ एकक प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असा अहवाल हवा. तो अहवाल आणि पिवळ्या तापाच्या लसीचे पिवळे पुस्तक एकाच पाकिटात पासपोर्टबरोबर ठेवा. नैरोबीमार्गे घरी येताना ते पुस्तक नसले तर मुंबईत सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात, आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरले जाते. तुमच्या प्रवासाची तारीख ठरण्याची वाट पाहू नका; पहिली टोचणी या आठवड्यात घेता येईल.