चार गुंठ्यांची परसबाग: आधी मे महिन्याचं पाणी मोजा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. अंबाजोगाईजवळ सासरच्या घरामागे चार गुंठे मोकळी जागा, खोल काळी माती, घरात सहा माणसं आणि एप्रिलनंतर दम टाकणारा एक बोअर. यादीत हापूस, चिकू, नारळ, मोसंबी, डाळिंब, केळी आणि वर आठवड्याच्या बाजारात जावंच लागू नये एवढी भाजी. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय. आम्हीही याच बालाघाटाच्या पट्ट्यातले, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आता एप्रिल संपत आलाय. या दिवसांत रोपवाटिकेकडे फिरकू नका, बियाण्याचं पाकीटही आणू नका. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस पहाटे मोटार लावा. पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा आणि धार तुटेपर्यंत मोटार किती वेळ चालते तेही. त्यातून घरखर्चाचं आणि दावणीला जनावर असेल तर त्याचं पाणी वजा करा. उरेल तेवढी तुमची बाग. चार गुंठे हा जमिनीचा आकडा झाला, बागेचा आकडा बोअर ठरवतो.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात, ऊन आणि झळा धरून, भाजीचा भरलेला वाफा रोज सात-आठ मिलिमीटर पाणी सहज पितो. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्याच्या भाजीला रोज सातशे-आठशे लिटर आणि चारही गुंठे भाजी केली तर तीन हजार. नवीन लावलेल्या फळझाडाला पहिल्या उन्हाळ्यात रोज पाच-सात लिटर पुरतात, पण तेच झाड फळावर आलं की चाळीस-पन्नास लिटर मागतं. म्हणून आज उरणारं सगळं पाणी आज वाटून टाकू नका. समजा रोज पाचशे लिटर उरतात. मग पुढे फळावर येतील अशी पाणी मागणारी झाडं पाच-सहाच लावायची आणि उन्हाळ्यातली भाजी पंचवीसेक चौरस मीटरवर थांबवायची. झाडं वाढतील तसा उन्हाळी वाफा आणखी आकसत जाईल.

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते विसरू नका. त्या वर्षी आमच्या भागातल्या परसबागांत काय उरलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सीताफळ उरलं, शेवगा उरला, कढीपत्ता उरला. लिंबं अर्धी वाळली. केळी आणि पपई कुणाकडेच उरली नाहीत. झाड निवडताना मी अजूनही त्याच वर्षाला विचारतो.

आता तुमची यादी. हापूस कोकणच्या दमट हवेचा. इथं झाड जगतं, फळाची मात्र खात्री नाही. त्याच्या जागी केशर लावा. मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि चवीला तो कुणाच्या मागे नाही. नारळाला हवेत ओल लागते, कोरड्या झळांत बोंडं गळून जातात. चिकू हळू वाढतो आणि पारा त्रेचाळीसच्या वर गेला की फुलं टाकतो. आपल्याकडे तेवढा पारा जातोच. मोसंबी जालन्याकडच्या मध्यम जमिनीत छान येते, पण खोल काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरलं नाही की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. डाळिंबाला हलकी, निचऱ्याची जमीन हवी. शिवाय तेल्या (फळावर तेलकट डाग पाडणारा रोग) आणि मर (झाडच वाळवणारा रोग) सांभाळता सांभाळता शेतकरी मेटाकुटीला येतात, घरच्या दोन झाडांसाठी ती डोकेदुखी कशाला? सोलापूरचं डाळिंब विकत घ्या, चांगलं मिळतं.

मग लावायचं काय? पहिलं नाव सीताफळाचं. ते तुमच्या अंगणातलंच आहे. बालाघाटाच्या डोंगरात ते रानोमाळ उगवतं, बीडच्या सीताफळालाही मानांकन आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र तर खुद्द अंबाजोगाईला आहे. तिथून कलमं आणा. जातींत बालानगर चांगलं, धारूर-6 त्याहून मोठ्या फळाचं. हे झाड उन्हाळ्यात पानं झाडून गप्प बसतं आणि पावसाबरोबर पालवतं, त्यामुळे एकदा रुजल्यावर मे महिन्यात तुमच्या पाण्यात वाटेकरी होत नाही. तीन-चार लावा, अगदी कडेला, जिथं पाइप पोचत नाही तिथं.

त्याखालोखाल शेवगा. पीकेएम-1 या जातीचं बी आणा, सहा-आठ महिन्यांत शेंगा सुरू होतात. शेंगांचा हंगाम संपला की जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर छाटायचा. हे करायला घरात सगळे का-कू करतात, पण छाटला नाही तर तो वीस फूट वर जातो, शेंगा वानरांना मिळतात आणि आपल्याला खाली पडलेली फुलं.

पेरू एक-दोन, सरदार जातीचा. याचं दुसरं नाव लखनौ-49 असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली आहे. कागदी लिंबू एक पुरे. साई शरबती किंवा परभणीची प्रमालिनी घ्या. काटे असतात म्हणून पोरांच्या वाटेवर नको. बियांपासूनच्या लिंबाला चार-पाच वर्षं लागतात, पेरूचं कलम दोन-तीन वर्षांत फळ देतं. केशरची दोन कलमं. आणि पोरांचा धीर टिकावा म्हणून दोन-तीन पपया. तैवान 786 जात लावली तर फळ न देणाऱ्या नर झाडाची भानगड नाही. केळी लावायचीच असतील तर मोरीचं पाणी जिथं जातं तिथं एक बेट आणि त्याच्या पायथ्याशी अळू. मोरीच्या पाण्यात साबण असतो, ते भाजीच्या वाफ्यात सोडू नका. केळी आणि अळू ते पचवतात.

जागा ठरवताना एक बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला लांब पडते. म्हणून आंब्यासारखी डेरेदार झाडं जागेच्या उत्तर बाजूला घ्या, नाहीतर डिसेंबरातली भाजी सावलीत झुरते. शेवगा आणि हादगा मात्र पश्चिमेला. त्यांची सावली विरळ असते आणि दुपारनंतरचं जाळणारं ऊन तेवढंच अडतं.

काळ्या मातीबद्दल सांगतो, कारण निम्मी झाडं तिथंच मरतात. लोकांना वाटतं उन्हाने गेली. जातात पावसाळ्यात, बुंध्याशी पाणी साचून. आत्ताच दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डे घ्या आणि महिनाभर उन्हात तापू द्या. एका खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी दिसलं तर ती जागा पपईची आणि लिंबाची नव्हे. तळाशी मुरूम घाला, वर पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली, मूठभर निंबोळी पेंड, आणि खड्डा जमिनीच्या वर वीतभर फुगेल असा भरा. पावसाने तो बसतो. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, घरी बोलावलीच म्हणून समजा. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला नाही आणि ते भुगा होऊन सुटलं तरच वापरा.

रोपं लावायची ती मृगात घाई करून नाही. दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमिनीत ओल खाली गेली की, जुलैत. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, काठीला सैल बांधा आणि जोडाखालून फुटणारे फुटवे दिसतील तसे खुडा. ते वाढू दिले तर केशरच्या जागी गावठी आंबा होईल.

भाजीला गादीवाफे करा. तीन फूट रुंद, वीतभर उंच, मधे पाय ठेवायला दीड फूट वाट. वाफ्यावर पाय द्यायचाच नाही, विशेषतः ओल्यात. काळी माती ओली तुडवली की तिची ढेकळं होतात आणि मग ती वर्षभर फुटत नाहीत. वाफसा, म्हणजे मातीत काम करण्याजोगी बेताची ओल, आला की नाही हे बघायचं तर चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन हाताला चिकटली तर थांबा, गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटला तर खुरपं घ्या. उन्हाळ्यात उलट करा, वाफे सपाट आणि जरा खोलगट ठेवा म्हणजे पाणी तिथंच मुरतं.

पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, वांगी, मिरची. भेंडी परभणी क्रांती घ्या. जात सरळ आहे, संकरित नाही, म्हणून बी घरचं धरता येतं आणि पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगापुढे बऱ्यापैकी तग धरते. वेलांना तारेचं कुंपण पुरतं, मांडवाचा खर्च पहिल्या वर्षी नको. कुंपणालगत अंबाडी टाका, तिला कुणी विचारावं लागत नाही. हस्ताच्या आसपास खरा हंगाम सुरू होतो: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, कांद्याची रोपं. पालेभाजी एकदम सगळी पेरू नका. दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टा पेरत जा, नाहीतर एका आठवड्यात मेथी खाऊन घर कंटाळतं आणि पुढचे दोन महिने ती विकत आणावी लागते.

उन्हाळ्यात टोमॅटोचा हट्ट सोडा. दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की परागकण निकामी होतात, फुलं येतात आणि गळतात. खत घालून, फवारे मारून काही होत नाही. मिरचीचंही जवळपास तेच. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेली गवार, भेंडी, काकडी मार्च-एप्रिलमध्ये खा. मे महिन्यात तांदुळजा, घोळ, अळू, कढीपत्ता आणि शेवग्याचा पाला एवढ्यावर भागवा. बाकी वाफे उघडे न ठेवता पाचटाने किंवा सोयाबीनच्या भुसाने झाकून मोकळे सोडा. चार बोटं जाडीचं आच्छादन असलं की दुपारी दोन वाजता त्याखाली हात घालून बघा: वर चटका बसतो, खाली माती गार लागते. हिरवी शेडनेट आणायची तर पन्नास टक्के सावलीची आणा, त्याहून दाट नको.

पाण्याचा एक नमुना आणि मातीचा एक नमुना जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आणि मातीत चुनखडी, त्यामुळे पेरू-लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोह कमी मिळाल्याचं लक्षण आहे. लोक युरिया टाकतात, उपयोग शून्य. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात थोडा लिंबाचा रस, असा फवारा संध्याकाळी द्या आणि शेणखत दरवर्षी घाला.

किडीसाठी घरात विषारी औषधाची बाटली नकोच. उन्हाळ्यात कडुलिंबाच्या निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवा. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून एक लिटर करायची, पाव चमचा साबण घालून पानांच्या खालून फवारायची. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आटोक्यात राहतात. वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबला की त्यात अळी असते, तो शेंडा खालून कापून चेचून टाका. दोडक्या-कारल्याला आणि पेरूला फळमाशी लागते. दोन्हींच्या माश्या वेगळ्या, म्हणून सापळ्यातली माशीला ओढणाऱ्या वासाची वडीही वेगळी घ्यावी लागते. दुकानदाराला पीक सांगून मागा.

छपराचं पाणी वाया घालवू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर आपल्या सातशेच्या आसपासच्या पावसात, गळती-सांड धरूनही, पन्नास हजार लिटरच्या घरात पाणी पडतं. ते गाळणखड्ड्यातून बोअरजवळ मुरवा. ठिबकच्या आधी हा खर्च करा. ठिबक दुसऱ्या वर्षी केलं तरी चालतं, पहिल्या वर्षी बादलीने पाणी घालताना कुठलं झाड किती पितं ते कळतं.

राहिली वानरं. डोंगर जवळ असल्यावर ती येणारच. पेरू आणि आंब्याला फळाच्या दिवसांत जाळी टाका, वांग्या-टोमॅटोचे वाफे घराच्या भिंतीलगत घ्या, कारलं आणि मिरची लांब गेली तरी चालतील, त्यांना ती सहसा हात लावत नाहीत. भुईमुगाचा मोह मात्र पूर्ण टाळा. शेंगा भरायला लागल्या की रानडुकरांना आपल्याआधी कळतं.